योसेफ : अबोल आज्ञापालन आणि पितृत्व

प्रास्ताविक

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध अशा या ग्रंथाचे 'पहिले पुराण' व 'दुसरे पुराण' असे दोन भाग असून येशूचे चरित्र दुसऱ्या भागात येते. या चरित्राचा अभ्यास करताना आपले लक्ष साहजिकच येशूकडे आणि त्याची माता मरिया हिच्याकडे जाते. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका व्यक्तीचा विचार करणार आहोत. गोवा-वसईकडील परंपरेत ही व्यक्ती 'जुझे' आणि मराठी बायबलात 'योसेफ' या नावाने येते. चारही शुभवर्तमानांत मिळून तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. ज्याला संवादच दिलेला नाही अशा पात्राचा स्वभाव वाचकाला कळतो कसा, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

बुलढाणा-चिखली भागातील विद्यार्थ्यांना 'नाझरीन' हा शब्द ऐकून माहीत असेल. या परिसरात काम केलेल्या चर्च ऑफ द नाझरीन या मिशनचे नाव गालील प्रांतातील नाझरेथ या गावावरून आले आहे. मत्तयाच्या कथेत त्या गावी बिऱ्हाड नेणारा गृहस्थ म्हणजे हाच योसेफ. रोमन कॅथलिक परंपरेत १९ मार्चला त्याचा सण असतो. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत संतांचे असे सण साजरे होत नाहीत, पण मत्तयाने सांगितलेली कथा दोघांचीही आहे.

आज्ञेपूर्वीचा निर्णय

मरियेशी योसेफाचा वाङ्निश्चय झाला होता. विवाह होऊन ती घरी येण्यापूर्वीच ती गर्भवती असल्याचे त्याला समजले. वाङ्निश्चयानंतर व्यभिचार करणाऱ्या स्त्रीला मोशेच्या नियमशास्त्रात दगडमाराची शिक्षा सांगितलेली आहे. मत्तय योसेफाला 'नीतिमान' म्हणतो. नियमावर बोट ठेवून चालणारा माणूस असा त्या शब्दाचा अर्थ घेतल्यास पुढे काय घडेल ते वाचकाला दिसू लागते. प्रत्यक्षात योसेफ तिची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप सोडचिठ्ठी देण्याचे ठरवतो.

येथे क्रमाकडे लक्ष द्यावे. हा निर्णय देवदूताने स्वप्नात येण्याआधीचा आहे, आणि तो योसेफाने स्वतः विचार करून घेतलेला आहे. म्हणून त्याच्या आज्ञापालनाला मुकाट ताबेदारी म्हणता येत नाही. ज्याला स्वतःचे मत नाही त्याने आज्ञा पाळली तर त्यात विशेष ते काय? योसेफाला मत होते, त्यात दयाही होती, आणि तेच त्याला मागे घ्यावे लागले.

नाव ठेवण्याचा अधिकार

स्वप्नात त्याला दोन गोष्टी सांगितल्या जातात : मरियेचा स्वीकार कर आणि मुलाचे नाव येशू ठेव. यांतील दुसरी गोष्ट घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. मत्तयाच्या ग्रंथाचा आरंभ वंशावळीने होतो. अब्राहामापासून अमक्याला अमका झाला अशी साखळी चालू राहते आणि योसेफापाशी ती मोडते. योसेफाला येशू झाला असे तेथे म्हटलेले नाही. योसेफ हा मरियेचा पती आणि तिच्या पोटी येशू जन्मला, अशी वाक्यरचना बदलते. रक्ताने तुटलेला हा धागा नाव ठेवण्याच्या कृतीने जोडला जातो. योसेफ नाव ठेवतो, म्हणजे मूल आपले म्हणून स्वीकारतो, आणि दाविदाचे कुळ त्या मुलाला मिळते. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लागते. ते लागणे किंवा न लागणे याने किती आयुष्ये बदलतात, हे प्रौढ विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

रात्रीचा प्रवास

हेरोद राजा बालकाला मारण्यासाठी शोधणार आहे, तेव्हा ऊठ आणि मिसर देशात पळून जा, अशी दुसऱ्या स्वप्नातील आज्ञा. मत्तयाची शैली येथे पाहण्याजोगी आहे. आज्ञेच्या वाक्यात जी क्रियापदे आहेत, जवळजवळ तीच पुढच्या वाक्यात कृती म्हणून येतात : ऊठ, घे, जा, तो उठला, त्याने घेतले, तो गेला. मध्ये शंका, प्रश्न, विलाप काही नाही. या पुनरुक्तीनेच योसेफाचे मौन बोलके होते. शिवाय निवेदक या प्रकरणात 'बालक आणि त्याची आई' असेच पुन्हा पुन्हा म्हणतो. 'तुझा मुलगा' असे स्वप्नातला दूतही म्हणत नाही. ज्याचे म्हणून कोणी देत नाही, त्याच्यासाठी हा माणूस रातोरात घर सोडतो.

मराठी वाचकाला येथे कंस आणि वसुदेव आठवल्याशिवाय राहत नाहीत. साष्टीतील ज्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी स्टीफन्स लिहीत होते, त्यांनाही पुराणकथांचा परिचय होताच. साम्य उघड आहे, भेद मात्र अधिक उद्‌बोधक आहे. वसुदेव बालकाला गोकुळात ठेवून बंदिवासात परततो. नंद त्याला वाढवतो, पण अदलाबदल झाली हे त्याला ठाऊक नसते. योसेफाच्या वाट्याला दोघांचीही कामे येतात. मूल पळवून नेणारा तोच आणि वाढवणाराही तोच. आणि वाढवताना त्याला सर्व ठाऊक असते. राम-श्रावणाच्या कथांत आज्ञापालन हा पुत्राचा गुण आहे. येथे आज्ञा पाळतो तो बाप, हा फरकही टिपून ठेवावा.

हेरोदाच्या मृत्यूनंतर परतताना यहूदियात त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करीत असल्याचे योसेफाला कळते आणि तो घाबरतो. तो निर्भय वीर नव्हता, हे मत्तय लपवीत नाही. मग पुन्हा स्वप्नात सूचना मिळते आणि तो गालीलात नाझरेथ येथे राहतो.

सुताराचे घर

लूक या घराची गरिबी एका तपशिलात सांगतो. मुलाच्या जन्मानंतर मंदिरात केलेले अर्पण पक्ष्यांच्या जोडीचे आहे. ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी ती सवलत होती. योसेफाच्या व्यवसायासाठी मूळ ग्रीक शब्द 'टेक्टॉन' असा आहे. त्यात लाकूडकाम आणि बांधकाम दोन्ही येते. मराठीत 'सुतार' म्हणताच वाकस, रंधा, पटाशी आणि गावगाड्यातला बलुतेदार डोळ्यांपुढे येतो, तेव्हा अनुवादाने चित्र किंचित आपल्याकडे सरकते. (हा दोष मानावा की लाभ, यावर वर्गमित्रांशी चर्चा करावी.) पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये 'कामकरी योसेफा'चा सण १ मे रोजी, म्हणजे कामगार दिनीच, ठरवला.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत हरवतो आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. जाब विचारते ती मरिया, आणि ती योसेफाचा उल्लेख 'तुझा बाप' असाच करते. उत्तरात मुलगा 'माझ्या पित्या'विषयी बोलतो, आणि त्याचा रोख देवाकडे असतो. योसेफ शेजारीच उभा आहे. त्याला काय वाटले ते लूक सांगत नाही. मुलगा त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, एवढेच तो नोंदवतो. यानंतरच्या प्रसंगांत योसेफ प्रत्यक्ष कोठेही दिसत नाही. लोक येशूला 'सुताराचा मुलगा' म्हणतात तेवढ्यापुरती त्याची आठवण निघते.

स्वाध्याय

मंदिरातील वरील प्रसंग योसेफाच्या दृष्टिकोनातून सुमारे १५० शब्दांत लिहा. मात्र त्याच्या तोंडी एकही संवाद घालू नका.