मनाची शुगर कशात मोजायची?

प्रश्न : मी हिंजवडीत फेज थ्रीला नोकरी करतो. चौघे मित्र मिळून फ्लॅटवर राहतो. कंपनीत दरवर्षी शुगर, कोलेस्टेरॉल तपासतात. यंदा डॉक्टर म्हणाले, मनाचे आजारही लवकर ओळखायला हवेत. पण जे रक्तात दिसत नाही ते ओळखायचं कसं? आणि उगाच शिक्का मारून घेण्यापेक्षा थोडी वाट पाहिली तर काय बिघडलं?

उत्तर : शंका रास्त आहे. मनाची शुगर मोजणारी पट्टी अजून निघालेली नाही. इथे मोजायचा असतो तो बदल. रिलीजच्या आठवड्यात झोप उडाली तर तो आजार नव्हे, ती हिंजवडी! पण रिलीज होऊन महिना झाला तरी झोप परतली नाही, मित्र आंघोळ टाळू लागला, ‘ऑफिसात सगळे माझ्याबद्दलच बोलतात’ असं खात्रीने सांगू लागला, तर विचारपूस करायची वेळ आली. नैराश्य तपासताना डॉक्टरही मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारतात.

आता वाट पाहण्याबद्दल. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात उपचाराविना जितका काळ जातो, तितकं सावरणं सहसा अवघड होतं. शिवाय त्या काळात नोकरी सुटते, मित्र तुटतात, आणि ते औषधाने परत येत नाहीत. हे आजार बहुधा तरुणपणीच सुरू होतात, म्हणजे नेमके तुमच्या फ्लॅटच्या वयात.

नॉर्वेतल्या रोगालँड भागात १९९७ पासून एक प्रयोग झाला. वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळा यांतून अशा आजारांची लक्षणं लोकांना समजावली आणि कुणीही फोन करावा असं एक पथक नेमलं. पूर्वी निम्म्या रुग्णांना उपचार सुरू व्हायला २६ आठवड्यांहून जास्त लागत. तो आकडा पाचेक आठवड्यांवर आला. गंमत पुढे आहे. पथक चालू ठेवून जाहिराती थांबवल्या, तर तो पुन्हा १५ वर गेला! म्हणजे आजार लवकर सापडत होता तो नुसत्या पथकामुळे नव्हे, शेजारपाजारच्यांना कळत होतं म्हणून. आपल्याकडे हे काम थोडंफार सिनेमानेही केलंय. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे डॉ. जगन्नाथ वाणी ‘देवराई’ (२००४) या स्किझोफ्रेनियावरच्या चित्रपटाच्याही पाठीशी होते. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत १०० पैकी ७० हून अधिक जण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते.

शिक्क्याची भीती मात्र उलट्या टोकाने धरली जाते. गोष्ट चव्हाट्यावर येते ती उशीर झाल्यावर, भर मीटिंगमध्ये. लवकर गेलात तर ती डॉक्टरच्या खोलीत राहते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच आहे. आणि गेलं की गोळ्या सुरू, असंही नाही. सुरुवातीची धूसर लक्षणं दिसतात त्यांतल्या बहुतेकांना पुढे मोठा आजार होत नाही. त्यांच्याशी बोलणं, झोपेची घडी बसवणं, काही महिने लक्ष ठेवणं, इथवरच पुष्कळदा भागतं.

गावाकडच्या आईला रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मुलगा हसराच दिसतो. रात्री तीनला तो खोलीत येरझाऱ्या घालतो, हे तुम्हालाच दिसतं. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते, मराठीतही बोलता येतं. फोन आजारी माणसानेच करायला हवा असं नाही. फ्लॅटवरच्या मित्राने केला तरी चालतो, अगदी वाकडच्या पुलापाशी कंपनीच्या बसमध्ये अडकून पडल्यावरसुद्धा.