सामाईक कामाची मालकी : लिब्रेऑफिसच्या संस्थेचा अभ्यास

शेतांत राबणारे हात अनेक असले आणि सातबाऱ्यावर नांव एकाचेंच असलें, तर वादाच्या दिवशीं हातांची साक्ष चालत नाहीं, उताऱ्याची चालते. वऱ्हाडांतील शेतकऱ्यास हा अनुभव नवा नाहीं. परंतु ज्यांच्या कामास ना बांध आहे ना चतुःसीमा, अशा लोकांवरहि गेल्या पंचवीस वर्षांत हाच प्रसंग आला. त्यांनीं त्यांतून जी वाट काढली ती सोनाळ्याच्या आसपास गट, मंडळें व कंपन्या काढूं पाहणाऱ्या शेतकरी बंधूंनीं समजावून घेण्याजोगी आहे, म्हणून तिचा येथें कांहींसा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम विषयाची ओळख. संगणक जें काम करतो तें त्यास लिहून दिलेल्या आज्ञांप्रमाणें करतो. ह्या आज्ञावलीस सॉफ्टवेअर म्हणतात. पुष्कळ कंपन्या आपली आज्ञावली बंद ठेवून विकतात. ती वापरतां येते, पण उघडून पाहतां येत नाहीं, कीं तिची दुरुस्ती करतां येत नाहीं. संकरित वाणाचें पाकीट घेतलें म्हणजे दरसाल पुन्हां दुकानाची पायरी चढावी लागते, तसाच हा प्रकार. उलटपक्षीं कांहीं आज्ञावल्या खुल्या परवान्यानें दिलेल्या असतात. ज्यास पाहिजे त्यानें त्या घ्याव्या, वाचाव्या, सुधाराव्या, शेजाऱ्यास द्याव्या. त्यांतील अनेक परवान्यांत अट एवढीच असते कीं, सुधारलेली आज्ञावली पुढें देतांना तीहि तशीच खुली ठेवावी. सन २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतलें बियाणें राखण्याचा, पुन्हां पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचाहि हक्क ठेविला आहे; ब्रँडच्या नांवानें मात्र तें विकतां येत नाहीं. त्या कलमाशीं ताडून पाहिल्यास खुल्या परवान्याचें मर्म लवकर ध्यानांत येईल.

पण बियाणें मोकळें असलें म्हणजे सर्वच मोकळें झालें असें नव्हे, व नेमका येथेंच पुष्कळांचा समज घोटाळ्यांत पडतो. समजा, सोनाळ्याच्या दहा शेतकऱ्यांनीं मिळून तुरीचें एक निवडक बियाणें पांच-सात वर्षें राखलें, त्यास एक नांव दिलें आणि त्या नांवाची पंचक्रोशींत ख्याति झाली. परंतु त्या नांवाची नोंद, माल ठेवण्याची कोठी व बँकेतील खातें हीं तिन्ही एका व्यापाऱ्याच्या नांवें आहेत. तो भला आहे तोंवर कोणाचें कांहीं अडत नाहीं. उद्यां त्यानें दुकान विकलें, तर बियाणें दहा जणांच्या घरीं राहील खरें. पण लोक ज्या नांवानें तें ओळखतात तें नांव, कोठीची किल्ली आणि शिल्लक नव्या धन्याकडे जाईल. खुल्या आज्ञावलीवर काम करणाऱ्या एका फार मोठ्या मंडळीवर अगदीं हीच वेळ आली होती.

जर्मनींतील स्टार डिव्हिजन ह्या कंपनीनें पत्रें लिहिणें, कोष्टकें मांडणें, हिशेब करणें ह्या कामांसाठीं स्टारऑफिस नांवाची आज्ञावली तयार केली होती. १९९९ सालीं अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें ती विकत घेतली व १३ ऑक्टोबर २००० रोजीं तिचा मूळ पाठ सर्वांस खुला केला. त्यांतून 'ओपनऑफिस डॉट ऑर्ग' ही मंडळी उभी राहिली. देशोदेशींचे लोक, कांहीं पगारी तर पुष्कळ बिनपगारी, तिच्यांतील चुका काढूं लागले, नवे भाग जोडूं लागले, आपापल्या भाषांत तिच्या पाट्या लिहूं लागले. तिचा दस्तऐवज लिहिण्याचा नमुना पुढें २००६ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाला. सनचें वागणें एकंदरींत उदार होतें. तथापि दोन गोष्टी तिनें आपल्या मुठींत ठेविल्या होत्या. नांव तिचें होतें. आणि ज्यास आपली सुधारणा मुख्य आज्ञावलींत घालावयाची असेल त्यानें त्या लिखाणाच्या मालकींत सनला लेखी वांटेकरी करून घ्यावें, अशी अट होती. ह्या अटीच्या बळावर सनला तीच आज्ञावली निराळ्या परवान्यानें, बंद करूनहि, विकतां येत असे. लिहिणाऱ्या इतरांस हा हक्क नव्हता. मंडळीचें स्वतंत्र प्रतिष्ठान करावयाचें, असें वचन आरंभींच दिलेलें होतें. दहा वर्षें तें कागदावरच राहिलें. मालक चांगला असला म्हणजे दस्त करून घेण्याची घाई कोणासच वाटत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे.

जानेवारी २०१० मध्यें सन कंपनी ओरॅकलनें घेतली. त्याच वर्षीं सनच्या ओपनसोलारिस ह्या दुसऱ्या खुल्या कामाचा विकास नव्या मालकानें उघड्यावर करणें थांबविलें, तेव्हां ओपनऑफिसच्या मंडळींस आपलेंहि भवितव्य दिसूं लागलें. २८ सप्टेंबर २०१० रोजीं त्यांतील प्रमुखांनीं 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही स्वतंत्र संस्था जाहीर केली. ओरॅकललाहि तींत येण्याचें आमंत्रण दिलें व ओपनऑफिस हें नांव संस्थेस द्यावें अशी विनंति केली. तोंपर्यंत कामचलाऊ म्हणून लिब्रेऑफिस हें नांव घेतलें. नांव मिळालें नाहीं. उलट पुढच्याच महिन्यांत, नव्या संस्थेंत गेलेल्यांचे हितसंबंध आतां परस्परविरुद्ध झाले आहेत, सबब त्यांनीं जुन्या मंडळावरून दूर व्हावें, असें ओरॅकलच्या बाजूनें सांगण्यांत आलें. कामचलाऊ नांव कायमचें झालें.

खुल्या परवान्याचें बळ व त्याची मर्यादा येथें एकाच वेळीं दिसतात. आज्ञावली सबंध उचलून बाहेर पडतां आलें. चार महिन्यांच्या आंत, २५ जानेवारी २०११ रोजीं, लिब्रेऑफिसची पहिली पक्की आवृत्ति निघालीहि. दहा वर्षांत लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव मात्र मागें राहिलें. जून २०११ मध्यें ओरॅकलनें जुनें ओपनऑफिस अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ह्या दुसऱ्या ना-नफा संस्थेस देऊन टाकलें. एकाच बियाण्याचीं दोन खळीं झालीं. काम करणारे बहुतेक नव्या खळ्यावर आले, पण ओळखीच्या नांवामुळें कित्येक गिऱ्हाइकें अजूनहि जुन्याच दारीं जातात.

संस्थेच्या उभारणीची हकीकत विशेष बोधप्रद आहे. मंडळींनीं जर्मन कायद्यांतील 'श्टिफ्टुंग' हा प्रकार निवडला. तो आपल्याकडील विश्वस्तनिधीच्या जवळचा आहे. त्यास मालक नसतो, भागधारक नसतात. ठरलेल्या उद्देशास वाहिलेला निधि असतो, आणि तो उद्देश पुढील कारभाऱ्यांस सहसा बदलतां येत नाहीं. आरंभीचा निधि पन्नास हजार युरोंचा हवा होता. फेब्रुवारी २०११ मध्यें वर्गणीची हांक दिली आणि आठ दिवसांत रक्कम पुरी झाली. एखाद्या धनाढ्य कंपनीनें ती एका दिवसांतहि दिली असती. पण देणगी एकाची असली कीं शब्दहि त्याचाच चालतो, हें त्यांस नुकतेंच कळून चुकलें होतें. पैसे झाले तरी नोंदणी व्हावयास १७ फेब्रुवारी २०१२ हा दिवस उजाडला. मधल्या काळांत पैसा कोणाच्या खात्यांत ठेवावयाचा? जर्मनींत ह्याच कामासाठीं पूर्वींच नोंदलेली एक लहान सोसायटी होती. तिनें आपला कायदेशीर आसरा दिला. घर बांधून होईपर्यंत शेजाऱ्याची पडवी मिळावी, तसें झालें.

नियमांतील दोन कलमें तर मुद्दाम पाहण्यासारखीं आहेत. सभासदत्व वर्गणीनें मिळत नाहीं, कामानें मिळतें : निदान तीन महिने काम केलेलें असावें व पुढें निदान सहा महिने करण्याची तयारी असावी. पाट्यांचें भाषांतर करणारा, चुका कळविणारा, पुस्तिका लिहिणारा हे सर्व आज्ञावली लिहिणाऱ्याच्या बरोबरीचे सभासद. हे सभासद दोन वर्षांकरितां सात जणांचें संचालक मंडळ निवडतात, आणि सात जागांत एकाच कंपनीचीं माणसें दोहोंहून अधिक बसूं शकत नाहींत. आपल्याकडील किती संस्थांच्या मंडळांत एकाच घरचीं माणसें ओळीनें बसलेलीं असतात हें वाचकांस सांगावयास नको. मालकींत वांटेकरी करून घेण्याची जुनी अटहि काढून टाकण्यांत आली. ज्याचें लिखाण त्याच्या नांवें, परवाना सर्वांचा.

सर्वांनाच असें आज्ञावली घेऊन निघतां येत नाहीं. हॉलंडांतील ब्लेंडर ही हलतीं चित्रें करण्याची आज्ञावली बंद परवान्याची होती. २००२ च्या आरंभीं तिची कंपनी बुडाली व आज्ञावली भांडवल घालणाऱ्यांकडे अडकली. तिचा कर्ता टॉन रोझेनडाल ह्यानें प्रतिष्ठान स्थापून त्यांच्याशीं एक लाख युरोंचा सौदा ठरविला आणि वापरणाऱ्यांपुढें झोळी पसरली. सात आठवड्यांत रक्कम जमली व १३ ऑक्टोबर २००२ रोजीं आज्ञावली खुली झाली. गहाण पडलेलें रान वर्गणीनें सोडवून गांवकीचें केलें, असेंच हें झालें. त्या रानांत काय पिकलें म्हणाल, तर लाटव्हियांतील 'फ्लो' हा तिच्या साह्यानें काढलेला चित्रपट २०२५ सालीं ऑस्कर पारितोषिक घेऊन गेला.

मराठी वाचकांस अधिक जवळचें उदाहरण विकिपीडियाचें आहे. हा ज्ञानकोश २००१ सालीं बोमिस ह्या खासगी अमेरिकन कंपनीच्या खर्चानें निघाला. त्यावर जाहिराती येणार असें वाटल्यावरून फेब्रुवारी २००२ मध्यें स्पॅनिश लेखकांपैकीं बरेच जण मजकुरासह निघून गेले व त्यांनीं आपला निराळा कोश मांडला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. आणि दोन महिने व्हावयाच्या आंतच, २० जून २००३ रोजीं, ह्या सर्व कोशांसाठीं विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ओपनऑफिसच्या मंडळीनें जें दहा वर्षें लांबविलें तें येथें अडीच वर्षांत झालें, व तेंहि कंपनी हयात असतां, राजीखुशीनें. आपल्या शेजारच्या शेगांवीं श्रीगजानन महाराज संस्थानची स्थापना १९०८ सालीं, म्हणजे महाराजांच्या समाधीच्या दोन वर्षें आधींच झाली होती. ज्याच्या शब्दास मान आहे तो मनुष्य समोर असतां व्यवस्था लावणें सोपें जातें. मागाहून जो तो त्याच्या शब्दाचा आपल्यापुरता अर्थ लावतो.

प्रतिष्ठान झालें म्हणून कटकटी मिटल्या असें कोणी समजूं नये. लिब्रेऑफिसमधील कठीण दुरुस्तीचें बरेंचसें काम कांहीं कंपन्यांचे पगारी लोक करतात. त्या कंपन्यांची तक्रार अशी कीं, आज्ञावली फुकट मिळते म्हणून मोठमोठीं कार्यालयेंहि ती वापरतात, पण कामाचे पैसे देत नाहींत. जुलै २०२० मध्यें नव्या आवृत्तीच्या चाचणी-प्रतीवर 'पर्सनल एडिशन' अशी पाटी दिसली, तेव्हां आतां फुकट मिळणें बंद होणार कीं काय असा एकच गलका झाला. ती पाटी मागें घ्यावी लागली; फेब्रुवारी २०२१ च्या ७.१ ह्या आवृत्तीवर 'कम्युनिटी' अशी पाटी आली. सामाईक विहिरीचें पाणी सर्व जण शेंदतात, पण गाळ काढावयास उतरणाऱ्याची मजुरी कोणीं द्यावयाची, हा मूळ प्रश्न पाटी बदलल्यानें सुटत नाहीं.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. बियाणें निवडणारें, पाऊस व विहिरींच्या पातळीच्या नोंदी ठेवणारें, किंवा अशा नोंदींसाठीं एखादी आज्ञावली करून घेणारें मंडळ काढावयाचें तर मार्ग अनेक आहेत. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीं सात जण पुरतात. महाराष्ट्रांत अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालींहि नोंदवावी लागते. कंपनी कायदा, २०१३ च्या आठव्या कलमाखालीं ना-नफा कंपनी काढतां येते. ह्या दोहोंत सभासदांस नफा वांटतां येत नाहीं. शेतकरी उत्पादक कंपनी दहा उत्पादकांस काढतां येते, व तींत सभासदांस लाभाचा वांटा देतां येतो. माझ्या मतें ज्ञान, निवडक बियाणें व नोंदी ना-नफा संस्थेकडे ठेवाव्या आणि मालाची खरेदी-विक्री उत्पादक कंपनीनें करावी. दोन्ही एका गाड्यास जुंपूं नयेत. फायरफॉक्स करणाऱ्या मोझिला मंडळीनेंहि २००३ सालीं प्रतिष्ठान स्थापून २००५ सालीं व्यवहारासाठीं त्याच्या मालकीची निराळी कंपनी काढली.

नोंदणीच्या वेळीं कित्येक लहान गोष्टी राहून जातात. मंडळाचा टेलिफोन क्रमांक, संकेतस्थळाचें नांव, ई-मेलचा परवलीचा शब्द हीं बहुधा एखाद्या उत्साही तरुणाच्या नांवें असतात, व तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला कीं त्याच्याबरोबर जातात. तीं सर्व संस्थेच्या नांवें करून घ्यावीं व परवलीचा शब्द निदान दोघांस माहीत असावा. ठराव व जमाखर्च लिब्रेऑफिसमध्यें ठेवतां येतात. ती विनामूल्य असून तिच्या पाट्या मराठींतहि मिळतात. बियाण्याच्या पिशवीवरील नांव १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखालीं समूहाचें चिन्ह म्हणून संस्थेच्याच नांवें नोंदवितां येतें. ही नोंद दहा वर्षें चालते, मग तिचें नूतनीकरण करावें लागतें; त्याची तारीख चिटणिसाच्या खासगी वहींत न ठेवतां संस्थेच्या कार्यवृत्ताच्या पुस्तकांत पहिल्याच पानावर लिहावी.