पी/ईचा आकडा आणि त्याची दहा वर्षं

सातारा

चि. ओंकार यास,

किर्लोस्कर ब्रदर्सचे शेअर घ्यायचं तुझ्या मनात आहे, पण पी/ई पाहून तू थबकलास, असं ताई म्हणाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी आपल्या पलूसच्या शेजारची, तेव्हा तुझी ओढ मला कळते. थबकलास हेही बरंच झालं. मात्र आजचा एकटा पी/ई तुला काही सांगणार नाही.

2021-22 मध्ये या कंपनीचा एकत्रित नफा सुमारे 94 कोटी होता. पुढच्या वर्षी तो 235 कोटींच्या आसपास गेला, त्याच्या पुढच्या वर्षी 350 कोटींच्या घरात. शेअर साधारण 7 कोटी 94 लाख. म्हणजे प्रतिशेअर मिळकत अंदाजे 12, मग 30, मग 44 रुपये. आता नुसत्या गणितासाठी असं धर, की भाव तिन्ही वर्षं 600 रुपयांवरच थांबला. पी/ई, म्हणजे भाव भागिले प्रतिशेअर मिळकत, 50 वरून 20 वर आणि तिथून 14 वर येतो, भाव एक रुपयाही न हलता! 50 ला ‘महाग’ म्हणून निघून गेलेल्याने फक्त भाव पाहिला, मिळकत कुठे चालली आहे ते पाहिलंच नाही.

याच्या उलटही घडतं, आणि माणसं जास्त फसतात ती तिथेच. आपल्याकडचे बरेच साखर कारखाने सहकारी, पण शिराळा तालुक्यात कोकरूडचा कारखाना चालवणारी दालमिया भारत शुगर बाजारात आहे. साखरधंद्यात चांगल्या हंगामात नफा फुगतो, पी/ई खाली येतो आणि शेअर स्वस्त वाटतो. पुढे साखरेचे दर पडले की नफा आटतो आणि तोच शेअर महाग ठरतो. अशा धंद्यात एका वर्षाच्या नफ्यावर भागवू नकोस, सात-दहा वर्षांची सरासरी घे. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर बाजाराचा पी/ई काढताना महागाई वजा करून दहा वर्षांचा सरासरी नफा धरतात, तो याचसाठी.

आणखी एक. जुने आकडे जुळवताना ते कोणत्या नफ्यावर काढलेत ते आधी बघ. 31 मार्च 2021 पासून एनएसईने निफ्टीचा पी/ई एकल नफ्याऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावर काढायला घेतला आणि 40 च्या आसपासचा आकडा एकदम 33 च्या आसपास उतरला. बाजार तोच होता. आलेख पाहणाऱ्याला मात्र स्वस्ताई झाल्यासारखी वाटली. किर्लोस्कर ब्रदर्सलाही इंग्लंडची एसपीपी पंप्स धरून परदेशात उपकंपन्या आहेत, म्हणून एकत्रितच धर. जमीन किंवा गुंतवणूक विकून एखाद्या वर्षी आलेला नफा वगळ. तोट्याच्या वर्षाला पी/ई नसतो; ती जागा कोरी ठेव, पण ते वर्ष गाळू नकोस.

दहा वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घे. दरवर्षीचा 31 मार्चचा भाव, मिळकत आणि कर्ज शेजारी शेजारी लिही आणि मला पाठव. तोवर खरेदी करू नकोस.

तुझा,
मामा