मानकऱ्यांचा हिशेब

भाचा : मामा, कंपनीच्या कामानिमित्त वर्षभर झालेल्या मुक्कामांमुळे मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या सदस्य-योजनेतील माझ्या खात्यावर पन्नासाला थोड्याच रात्री कमी आहेत, त्या आपल्या पुण्यातील सेनापती बापट मार्गावरील जेडब्ल्यू मॅरियटमध्ये स्वखर्चाने भरून प्लॅटिनम दर्जा पदरात पाडून घ्यावा काय?

मामा : अरे, आधी सनद नीट वाच. पेशवाईत कोणास नुसता किताब मिळे, तर कोणास इनाम गाव. किताबाने दरबारातील बैठक उंचावे, परंतु घरी वसूल येई तो इनामाचाच. इथेही तसेच आहे. २५ रात्रींच्या गोल्ड दर्जाला निघण्याच्या दिवशी दुपारी २ वाजेपर्यंत खोली ठेवता येते, तीही सोय असल्यास. ५० रात्रींच्या प्लॅटिनमला मात्र, रिसॉर्ट आणि परिषदांची हॉटेले वगळता, ४ वाजेपर्यंत ती हक्काने मिळते. याउलट स्वीट मिळणे हे तू पोचशील त्या वेळी तो रिकामा असण्यावर, म्हणजे दैवावर, अवलंबून.

भाचा : निदान लाउंज आणि न्याहारी तरी निश्चित ना?

मामा : तेही हॉटेलाची पाटी पाहूनच ठरते. जेडब्ल्यूमध्ये लाउंज असल्यास प्लॅटिनमधारकास तेथे प्रवेश असतो. पण येरवड्याचे रिट्झ-कार्लटन मॅरियटच्याच छत्राखाली असूनही तेथे या दर्जाच्या बळावर ना लाउंज मिळते, ना न्याहारी.

भाचा : मग या सवलतींचे मोल ठरवावे तरी कसे?

मामा : जी गोष्ट फुकट नसती तर तू खिशातून जेवढे देऊन घेतली असतीस, तेवढेच तिचे तुझ्यापुरते मोल. वैशाली उपाहारगृहातील इडलीने तृप्त होणाऱ्या तुला पंचतारांकित न्याहारीचा छापील दर जमेस धरता येणार नाही; परंतु परगावी काम आटोपून रात्रीचे विमान गाठायचे असेल, तर ४ वाजेपर्यंतची खोली खरोखरच मोलाची. खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे मिळणाऱ्या मूळ १० गुणांवर ५ अधिक मिळतात, तेही मुक्काम घडले तरच.

भाचा : दर्जा पुढील वर्षअखेरपर्यंत टिकतो, हे खरे, पण पुढील वर्षी माझी नेमणूक हिंजवडीतच आहे.

मामा : मग फिरस्ती संपली आणि तिच्याबरोबर सवलतींचा उपयोगही. कंपनीच्या पैशाने आपोआप चालून येणारा दर्जा खुशाल स्वीकारावा. परंतु ज्या शहरात स्वतःचे घर आहे, तेथेच रात्री विकत घेऊन तो मिळवणे म्हणजे पदरचा नजराणा भरून मान घेणे होय.