व्हॉलीबॉलमध्ये चांगलं कोण खेळलं, हे ठरवायचं कसं?

आपल्या हॉस्टेलमध्ये क्रिकेट टीव्हीवर बघतात आणि व्हॉलीबॉल ग्राउंडवर खेळतात. संध्याकाळी प्रॅक्टिकल संपवून आलं की अर्ध्या तासात नेट लागतं, आणि जर्नल अपुरं असलेला मुलगासुद्धा 'एकच गेम' म्हणून उतरतो. पण मॅच संपल्यावर मेसमध्ये चर्चा काय होते? "काय स्मॅश मारला यार त्याने!" बस, एवढंच. हाच मुलगा क्रिकेटवर बोलायला लागला की स्ट्राइक रेट, इकॉनॉमी रेट, पॉवरप्लेमधल्या रन्स असं सगळं तोंडपाठ सांगतो. मग व्हॉलीबॉलच्या बाबतीत आपण फक्त स्मॅशवर का थांबतो?

हा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. इंटर-हॉस्टेलमधला 'बेस्ट प्लेअर' यावरूनच ठरतो, कॉलेज टीमची निवड यावरूनच होते आणि पुढे युनिव्हर्सिटीच्या ट्रायलला कोणाला पाठवायचं हेही. म्हणून या लेखात टीमचा आणि खेळाडूचा खेळ कसा मोजायचा ते थोडक्यात बघू. उदाहरणासाठी टोकियो ऑलिंपिकची पुरुषांची स्पर्धा घेऊया. तिचं नाव २०२०, पण कोविडमुळे ती झाली २०२१ मध्ये.

आधी टीमचा हिशेब

७ ऑगस्ट २०२१ ला आरिआके अरेनामध्ये फायनल झाली. फ्रान्स विरुद्ध रशियाचे खेळाडू. डोपिंगच्या शिक्षेमुळे रशियाची टीम तेव्हा 'आरओसी' या नावाने खेळत होती. फ्रान्सने मॅच ३-२ ने जिंकली. सेट असे: २५-२३, २५-१७, २१-२५, २१-२५, १५-१२. सगळे पॉइंट मिळवले तर फ्रान्स १०७ आणि आरओसी १०२. म्हणजे दोनशेच्या वर रॅली झाल्या आणि फरक फक्त पाच पॉइंटचा! व्हॉलीबॉलमध्ये ऑलिंपिकचं हे फ्रान्सचं पहिलंच मेडल, आणि तेही थेट गोल्ड.

इथे पहिला धडा. व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक सेटला स्कोअर परत शून्यावर येतो. त्यामुळे एकूण पॉइंट कमी असूनही टीम जिंकू शकते. समजा एखादी मॅच २५-२३, २५-२३, १०-२५, १०-२५, १५-१३ अशी झाली. जिंकणाऱ्याचे पॉइंट झाले ८५ आणि हरणाऱ्याचे १०९! मग चांगलं कोण खेळलं? कप जिंकणाऱ्याचाच, त्यात वाद नाही. पण कोचला दोन्ही आकडे बघावे लागतात. एक आकडा सांगतो की टीमने मोक्याच्या वेळी काय केलं, दुसरा सांगतो की मॅचभर तिचा दर्जा काय होता.

दुसरा धडा ग्रुपच्या टेबलमधून मिळतो. फ्रान्स ग्रुपमध्ये पाचपैकी फक्त दोन मॅच जिंकला होता. अमेरिकाही पाचपैकी दोनच जिंकली. तरी फ्रान्स चौथा येऊन पुढे गेला आणि अमेरिका पाचवी येऊन घरी गेली. कारण पॉइंट देण्याची पद्धत. ३-० किंवा ३-१ ने जिंकलं तर ३ पॉइंट. ३-२ ने जिंकलं तर जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला १. आता फ्रान्सचं बघा:

अमेरिकेकडून ०-३ हार : ० पॉइंट
ट्युनिशियावर ३-० विजय : ३ पॉइंट
अर्जेंटिनाकडून २-३ हार : १ पॉइंट
आरओसीवर ३-१ विजय : ३ पॉइंट
ब्राझीलकडून २-३ हार : १ पॉइंट

एकूण ८. अमेरिकेने दोन विजयांचे ३-३ मिळवले, पण तिन्ही पराभवांत पाचव्या सेटपर्यंत कधीच गेली नाही. म्हणून ६. म्हणजे फ्रान्स पुढे गेला तो हरलेल्या दोन मॅचमध्ये खेचून आणलेल्या दोन-दोन सेटच्या जोरावर. पुढे त्यांनी क्वार्टर फायनलला २०१४ आणि २०१८ चा वर्ल्ड चॅम्पियन पोलंडला ३-२ ने हरवलं, सेमीफायनलला अर्जेंटिनाला ३-० ने, आणि मग गोल्ड. ग्रुपमध्ये नुसतं 'तीन मॅच हरले' म्हणणाऱ्याने ही टीम मोडीतच काढली असती. हार कशी झाली, हे हार झाली यापेक्षा जास्त बोलतं.

स्मॅशर : पॉइंट किती हा अर्धाच प्रश्न

आता खेळाडूंकडे वळू. थर्मोमध्ये आपण एफिशियन्सी शिकतो. इंजिनने काम किती केलं एवढंच बघत नाही, त्यासाठी जाळलं किती तेही बघतो. स्मॅशरला हाच नियम लावायचा. त्याने मारलेले बॉल हे इनपुट. त्यातून तीन गोष्टी होऊ शकतात: थेट पॉइंट मिळतो, पॉइंट जातो (बॉल बाहेर, नेटमध्ये किंवा समोरच्या ब्लॉकमध्ये), किंवा रॅली पुढे चालू राहते. फॉर्म्युला सोपा आहे. मिळवलेल्या पॉइंटमधून घालवलेले पॉइंट वजा करा आणि एकूण मारलेल्या बॉलने भागा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'अ' ने ५० बॉल मारले, २० पॉइंट मिळवले, ७ बाहेर किंवा नेटमध्ये घालवले आणि ५ वेळा ब्लॉक झाला. २० वजा १२ म्हणजे ८, भागिले ५०, म्हणजे १६ टक्के. 'ब' ने २४ बॉल मारले, १२ पॉइंट मिळवले, २ घालवले, १ वेळा ब्लॉक झाला. १२ वजा ३ म्हणजे ९, भागिले २४, म्हणजे साडेसदतीस टक्के. मेसमध्ये नाव 'अ' चं होणार, कारण त्याचे २० पॉइंट सगळ्यांना दिसले. पण शेवटच्या पॉइंटला बॉल कोणाला द्यायचा, हे सेटरला विचारा!

अर्थात 'अ' वर अन्यायही करायचा नाही. त्याला बॉल कसा मिळाला तेही बघायला हवं. रिसेप्शन फसलं की सेटर नाइलाजाने उंच बॉल टाकतो, आणि समोर दोन-तीन जणांचा ब्लॉक तयार उभा असतो. असले सगळे कठीण बॉल ज्याच्या वाट्याला येतात त्याची टक्केवारी घसरणारच. मिडलवाल्याला बहुतेक वेळा बॉल तेव्हाच मिळतो जेव्हा रिसेप्शन छान झालेलं असतं. त्यामुळे त्याची टक्केवारी बाजूने मारणाऱ्यापेक्षा सहसा जास्त दिसते. तुलना करायची तर एकाच जागेवर खेळणाऱ्यांची करावी. मेकॅनिकलवाल्याचे मार्क कॉम्प्युटरवाल्याच्या मार्कांशी लावून काय उपयोग?

सर्व्ह आणि रिसेप्शन

पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या मॅचमध्ये सर्व्ह घेणारी टीम जास्त रॅली जिंकते. कारण स्मॅश मारायची पहिली संधी तिला मिळते. तेव्हा स्वतःच्या सर्व्हवर मिळवलेला पॉइंट मौल्यवान, सेटचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. मॅच बघताना टीमचे दोन आकडे वेगळे ठेवा: समोरच्याच्या सर्व्हवर किती पॉइंट काढले आणि आपल्या सर्व्हवर किती. मॅच कुठे फिरली ते लगेच कळतं.

सर्व्ह करणाऱ्याचंही असंच. जंप सर्व्हचे चार एस मारले की टाळ्या पडतात. त्याच मुलाने नऊ सर्व्ह नेटमध्ये घातल्या हे कोणी मोजत नाही. दुसरा मुलगा शांतपणे फ्लोटर टाकतो. एस एकच, चूक एकच, पण त्याच्या दर दोन सर्व्हमधल्या एकीवर समोरच्यांचं रिसेप्शन विस्कटतं. पुढचा ब्लॉक मिडलवाल्याच्या नावावर जातो, पण तो पॉइंट खरं तर सर्व्हवाल्याने तयार केलेला असतो.

रिसेप्शनला ३, २, १, ० असे मार्क द्या. बॉल थेट सेटरच्या डोक्यावर गेला तर ३. सेटरला दोन-तीन पावलं जावं लागलं तर २. नुसता उंच बॉल टाकण्यापलीकडे काही करता आलं नाही तर १. पॉइंटच गेला तर ०. शेवटी सरासरी काढा. कोणी २० सर्व्ह घेतल्या, त्यात दहा ३, सहा २, तीन १ आणि एक ०, तर ४५ भागिले २०, म्हणजे सव्वादोन. आपल्या ग्राउंडसाठी हे झकास.

ज्यांचं नाव स्कोअरमध्ये येतच नाही

सेटर, म्हणजे ज्याला आपल्याकडे बरेच जण लिफ्टर म्हणतात, आणि लिबेरो. लिबेरोला तर नियमानेच ब्लॉक करता येत नाही, आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये सर्व्हही करता येत नाही आणि नेटच्या वर असलेला बॉल मारता येत नाही. त्याचे पॉइंट जवळजवळ शून्यच राहणार. पॉइंटवर बेस्ट प्लेअर ठरवला तर तो जन्मात होणार नाही.

म्हणूनच मोठ्या स्पर्धांमध्ये प्रत्येक जागेसाठी वेगळं बक्षीस असतं. टोकियोत बेस्ट लिबेरो ठरला फ्रान्सचा जेनिया ग्रेबेनिकोव्ह. बेस्ट सेटर मात्र गोल्ड जिंकणाऱ्या टीमचा नव्हता, तो होता ब्राँझ मिळवलेल्या अर्जेंटिनाचा लुसियानो दे सेको. संपूर्ण स्पर्धेतला मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर फ्रान्सचा अर्विन एन्गापेथ. हा नुसता स्मॅशर नव्हे. समोरच्या सर्व्ह घेण्याचं काम करून मग मारायला जाणारा खेळाडू आहे. महिलांमध्येही तेच. पॉइंटच्या यादीत सर्बियाची तियाना बोश्कोविच सर्वात वर होती, पण मोस्ट व्हॅल्युएबल ठरली गोल्ड जिंकलेल्या अमेरिकेची जॉर्डन लार्सन, जी रिसेप्शन, डिफेन्स, अटॅक सगळंच सांभाळते. बोश्कोविचला तिच्या जागेचं, बेस्ट ऑपोझिटचं बक्षीस मिळालं. दोघींवरही अन्याय झाला नाही.

सेटरला मोजायचं तर त्याचे हात बघू नका, समोरचा ब्लॉक बघा. आपला स्मॅशर मारतो तेव्हा समोर एकच ब्लॉकर उभा आहे का? मग सेटरने फसवलं. दर वेळी दोन-तीन जण हजर असतील तर समोरच्यांनी त्याला वाचलं.

समोर कोण होतं?

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्याच टीमचं उदाहरण घेऊ. हांगझोऊ एशियन गेम्स २०२३ मध्ये झाल्या. त्यात भारताच्या पुरुषांनी ग्रुपमध्ये दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवलं. कोरिया म्हणजे एशियन गेम्समध्ये तीन वेळा गोल्ड जिंकलेला देश. नंतर चायनीज तैपेईलाही ३-० ने हरवलं. पण क्वार्टर फायनलला जपानकडून ०-३ आणि पाचव्या जागेच्या मॅचमध्ये पाकिस्तानकडून ०-३. भारत सहावा.

नुसतं 'सहावा' म्हटलं तर कोरियावरचा विजय गायब होतो. नुसतं 'कोरियाला हरवलं' म्हटलं तर शेवटच्या दोन मॅचमध्ये एकही सेट मिळाला नाही हे लपतं. आणि जपानचं नाव ऐकून आपण पराभव माफ करतो, तेव्हा एक लक्षात ठेवायला हवं. त्याच सुमारास टोकियोत ऑलिंपिकची क्वालिफायर स्पर्धा होती आणि जपानचे मुख्य खेळाडू तिकडे होते. देशाचं नाव म्हणजे टीमची ताकद नव्हे.

जागतिक रँकिंगमध्येही २०२० पासून हाच विचार आहे. प्रत्येक मॅचला दोन्ही टीमच्या ताकदीवरून अपेक्षित निकाल काढतात. अपेक्षेपेक्षा चांगला निकाल लागला तर जास्त गुण मिळतात, कमी लागला तर जातात.

आता आपल्या ग्राउंडवर

गेल्या दोन वर्षांत आमच्या विंगमधला एक मुलगा कॉलेज टीमच्या ट्रायलला गेला आणि दोन्ही वेळा परत आला. तो लिबेरो खेळतो. निवडताना विचारलं गेलं, "पॉइंट किती काढलेस?" काय उत्तर देणार? त्याने वाचवलेले बॉल कोणीच लिहून ठेवले नव्हते. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही. जे लिहिलं जात नाही ते दिसत नाही, इतकंच.

त्यावर उपाय स्वस्त आहे. या वर्षीच्या इंटर-हॉस्टेलला स्कोअररच्या शेजारी अजून दोन मुलं बसवा, एका टीमला एक. प्रत्येकाकडे एक फुलस्केप कागद. खेळाडूंची नावं खाली-खाली आणि समोर चार रकाने: अटॅक, सर्व्ह, रिसेप्शन, ब्लॉक. अटॅक आणि सर्व्हला पॉइंट मिळाला तर अधिक, गेला तर वजा, चालू राहिला तर टिंब. ब्लॉकला पॉइंट मिळाला तर अधिक, नुसता हात लागून बॉल मंद झाला तरी टिंब. रिसेप्शनला ३ ते ० चे मार्क. पहिल्या मॅचला गडबड उडेल, तिसऱ्या मॅचपर्यंत हात बसेल. ज्यांना खेळायची हौस नाही पण एक्सेलमध्ये रस आहे अशी मुलं प्रत्येक विंगमध्ये असतात, त्यांना हे काम द्या.

स्पोर्ट्स कमिटीला आणि सरांना एकच विनंती. 'बेस्ट प्लेअर' बरोबर 'बेस्ट लिबेरो' आणि 'बेस्ट सेटर' ही दोन छोटी बक्षिसं ठेवा. कप नसला तरी चालेल, सर्टिफिकेट पुरे. आणि ट्रायलची लिस्ट करताना हे कागद समोर असू द्या.

आकडे सगळं सांगत नाहीत हे मान्य. १२-१२ वर कोणाचे पाय थरथरतात आणि कोण हसत सर्व्ह घ्यायला उभा राहतो, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. पण डोळ्यांना स्मॅश आपोआप दिसतो. त्याच्या आधीचे दोन टच बघायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.