कॉब पास, खोकं नापास

भोसरीपासून चाकणपर्यंत गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि त्यातले पुष्कळसे कोरुगेटेड खोक्यांतून पुढे जातात. अशा खोक्यांच्या क्वालिटीच्या कामात पक्क्या झालेल्या काही गोष्टी.

१. कॉब टेस्ट म्हणजे कागदाला मोजून पाणी पाजणं. वजन केलेल्या तुकड्यावर १०० चौरस सेंटिमीटरचं कडं आवळायचं, १०० मिलिलिटर पाणी ओतायचं. ४५ सेकंदांनी ते ओतून टाकायचं आणि साठाव्या सेकंदाला टिपकागद ठेवून १० किलोचा रूळ एकदा पुढे, एकदा मागे फिरवायचा. वजनात ०.३५ ग्रॅमचा फरक पडला तर कॉब ३५, म्हणजे चौरस मीटरला ३५ ग्रॅम पाणी. रुळावर हाताने जोर देणारा दिसला की त्याचा आकडा मी वाचतही नाही.

२. कागदाच्या दोन्ही बाजूंचा कॉब वेगळा काढावा. तो क्वचितच सारखा येतो.

३. कमी कॉब म्हणजे चांगला कागद, हा पर्चेसवाल्यांचा लाडका समज. पण स्टार्चचा डिंक कागदात थोडा मुरावा लागतो. कागदाने पाणी घेतलंच नाही तर जोड वरवर बसतो आणि लायनर, म्हणजे बाहेरचा सपाट कागद, फ्लूटवरून, म्हणजे मधल्या नागमोडी कागदावरून, सोलून निघतो.

४. कागदाने पाणी कमी प्यावं म्हणून, म्हणजे साइझिंगसाठी, गिरणीवाले लगद्यात राळ आणि तुरटी घालतात, नाहीतर एकेडी हे मेणासारखं रसायन. एकेडीचा असर रीळ गुंडाळल्यावरही काही दिवस वाढत राहतो. म्हणून पुरवठादाराशी भांडायच्या आधी रिळावरची तारीख पाहावी. साइझिंगचा उद्योग तसा आपल्याकडे जुनाच. चाकणहून नाशिक रस्त्याने जाऊन नारायणगावला वळलं की जुन्नर. शाई फुटू नये म्हणून तिथले कागदी कारागीर हातकागदाला खळ लावून घोटत असत.

५. सगळ्यात जास्त वाद जुलैत होतात. कॉब उत्तम, रिपोर्टवर सही, तरी थप्पीतलं तळाचं खोकं बसलेलं! साइझिंग पाण्याचा थेंब अडवतं, वाफ अडवत नाही. दमट हवेतला ओलावा कागद मुकाट घेत राहतो. आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० वर गेली की खोक्याची दाब सोसायची ताकद निम्म्याच्या आसपास उरते. न्हावा शेव्याहून निघालेल्या कंटेनरच्या छताला आतून घाम सुटतो, तो वेगळाच. त्यामुळे एक्स्पोर्टच्या ऑर्डरीला मी कॉबआधी विचारतो: थप्पी किती उंच लावणार, आणि किती दिवस?

६. कॉब टेस्टमध्ये पाणी कागदाच्या तोंडावर पडतं. गोदामात ते कापलेल्या कडेने चढतं. तिथे फ्लूटची तोंडं उघडी असतात. ओल्या फरशीवर टेकवलेल्या खोक्याला ३० मिनिटांचा लांबलचक कॉबही वाचवत नाही, साधं लाकडी पॅलेट वाचवतं. ते मागितलं की स्टोअरवाले विचारतात, खर्च कोणाच्या खात्यात?