भाड्यात सामावलेले भोजन

प्रश्न : लहान मुले व पथ्य असलेले वडील सोबत आहेत. सागरी सफरीच्या भाड्यातच उत्तम जेवण कोणत्या जहाजावर मिळेल?

उत्तर : रॉयल कॅरिबियनच्या भाड्यात मुख्य भोजनगृह व विंडजॅमर हा बुफे अंतर्भूत असला, तरी चॉप्स ग्रिलसारख्या खास उपाहारगृहांस जादा आकार पडतो. व्हर्जिन व्हॉयेजेसवर सर्व उपाहारगृहे भाड्यातच. मात्र तेथे मुलांस मज्जाव आहे. डिस्नेची तजवीज मला फार हृद्य वाटते, कारण तेथे भाड्यातच कुटुंब रोज रात्री निराळ्या भोजनगृहात बसते आणि त्याचे वाढपीही त्याच्यासमवेतच फिरत असल्याने, वडिलांचे पथ्य व धाकट्याची आवड त्यांच्या ध्यानी राहते. आपण तीच सफर निवडावी, आणि पथ्याची मागणी आरक्षणाच्या वेळीच लेखी नोंदवावी.